चिवड्याबरोबर कोणती?

नाशिकात राहणाऱ्या माणसाला वाइनमधलं सगळं कळतं, अशी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. कोल्हापूरच्या माणसाला भेटल्या भेटल्या कुणी कुस्तीचे डाव विचारत नाही. २००० साली इथल्या 'सुला' वायनरीची पहिली वाइन बाजारात आली आणि आमचं हे दुखणं सुरू झालं. त्याआधी पाहुणे रामकुंड, पंचवटी, फार तर त्र्यंबकेश्वर करून गुपचूप घरी जायचे.

माझं द्राक्षज्ञान थॉमसन आणि सोनाकापाशी संपतं. वाइनची द्राक्षं निराळी. बारीक, जाड सालीची, बियांची. ती कुणी डझनभर केळ्यांसोबत पाहुण्यांपुढे ठेवत नाही.

एप्रिलात साडू आले, ते गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत 'टेस्टिंग' करूनच. पिशवीत बाटल्या. "तुम्ही नाशिकचे, तुम्हाला आम्ही काय सांगायचं!" असं म्हणून त्यांनी तासभर सांगितलं. पेला फिरवायचा, नाक खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा. आमच्या आईने हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि हिला विचारलं, "दात दुखतोय का गं त्यांचा?"

मग प्रश्न आला चखण्याचा. साडू त्याला 'अपेटायझर' म्हणतात. पुस्तकी जोड्या चीज आणि ऑलिव्हच्या. घरात होता झणझणीत कोंडाजी चिवडा, कोथिंबीर वड्या आणि हिने तळायला घेतलेली कांदा भजी.

साडूंनी थाटात शिराझ उघडली. रेड वाइन म्हणे रूम टेंपरेचरला प्यायची. ही रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आमचा हॉल त्या संध्याकाळी पस्तिशीत होता. वाइन जवळजवळ काढ्याइतकी कोमट. वर चिवड्याचा बकाणा. तिखटाने पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, आणि रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरट अंश, तोंड कोरडं पाडतं ते वेगळंच. साडूंचे कान लाल झाले. "बॉडी चांगली आहे," एवढंच ते बोलले. कुणाची, ते कळलं नाही.

शेवटी बाटल्या फ्रिजमध्ये, भेंडी आणि इडलीच्या पिठाच्या मधल्या जागेत गेल्या. तासाभराने गार शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन निघाली, जराशी गोडसर. चिवड्याचं तिखट त्या गोडीने खरंच निवलं. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यों ब्लाँ लागू पडली. तिच्यात मुळातच हिरव्या पाल्याचा वास असतो, त्यामुळे दोघींचं माहेर एकच वाटलं. भज्यांबरोबर मात्र बुडबुड्यांची स्पार्कलिंग. आंबटपणा आणि फेस मिळून तोंडातलं तेल असं धुऊन काढतात की माणूस पुढचं भजं नव्या उमेदीने उचलतो. यातला धोका हिच्या लक्षात आला तेव्हा बेसनाचा डबा रिकामा झाला होता. शिराझला झाकण लावून ठेवलं. रविवारी मटण सुक्याबरोबर तिची सोय लागेल.

आई इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, "एवढी यातायात? शेंगदाण्याला कुणी विचारलं नाही, तो बिचारा कशाबरोबरही जातो."

साडू आता माझ्याकडे आदराने बघू लागले होते. झोपायला जाताना हळूच म्हणाले, "उद्या सकाळी मखमलाबादला मिसळ खायला जाऊ. तिच्याबरोबर कोणती, ते तुम्हीच सांगा."

"ताक," मी म्हणालो.

त्यांनी मोबाइल काढून लिहून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या सालचं?"