बेळगावची रेल्वे कुणी ‘पळवली’ नाही

‘बेळगाव पहिल्यापासून मध्य रेल्वेत होतं, 1956 ला कर्नाटकात घातल्यावर ते काढून हुबळीला जोडलं. कित्तूरच्या बंडाची शिक्षा म्हणून इंग्रजांनी इथे मुद्दाम छोटी लाईन टाकली. आणि आपल्या तिकिटाचा पैसा हुबळीवाले खातात.’ हा मेसेज आता आमच्या मामांनीही घरच्या ग्रुपवर टाकलाय, वर ‘प्रत्येक मराठी माणसाला पाठवा’. सीमाप्रश्नाला असल्या थापांचा टेकू कशाला हवा?

बेळगाव मध्य रेल्वेत कधीच नव्हतं. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेतून मुख्यतः मध्य रेल्वे झाली, तिचे रूळ पुण्याहून सोलापूरकडे गेले. मिरज-बेळगाव-लोंढा लाईन 1882 साली निघालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीची. (नावात मराठा आहे खरं, पण ते इंग्रजांनी या मुलखाला दिलेलं नाव.) 1908 साली ती मद्रास रेल्वेत मिळून ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ (एमएसएम) झाली. 14 एप्रिल 1951 ला एमएसएम, साउथ इंडियन आणि म्हैसूर या तिघींची दक्षिण रेल्वे झाली, मुख्यालय मद्रास. राज्य पुनर्रचना 1 नोव्हेंबर 1956 ची. ही एक तारीख पाहिली असती तरी मेसेज पुढे ढकलायला हात धजला नसता: बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाच त्याची रेल्वे मद्रासच्या हाताखाली होती! 1966 ला हुबळी विभाग सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला, 1 एप्रिल 2003 ला हुबळी मुख्यालयाच्या नैर्ऋत्य रेल्वेत. उलट तोवर पुणे-मिरज-कोल्हापूरसुद्धा हुबळी विभागात होतं. ते 2003 ला मध्य रेल्वेला मिळालं. आणि कर्नाटकातलं कलबुर्गी आजही मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे. ते कुणी पळवलं म्हणायचं?

कित्तूरच्या राणी चेन्नम्माचं बंड 1824 चं, रेल्वे आली साठेक वर्षांनी. इंग्रज एवढा राग धरून बसले होते तर राजपुतान्यात आणि म्हैसुरात मीटरगेज, म्हणजे हीच छोटी लाईन, का टाकलं? कारण पैशाचं. 1876-78 च्या दुष्काळानंतर धान्य पोचवायला स्वस्त लाईन हवी होती. मीटरगेजला भराव अरुंद, रूळ हलके, स्लीपर आखूड, वळणं जास्त तीव्र चालतात. त्याची किंमत पुढे मोजली. दोन रुळांतलं अंतर म्हणजे गेज; 1000 मिमीचा (मीटरगेजचा) डबा 1676 मिमीच्या (ब्रॉडगेजच्या) रुळांवर जात नाही, त्यामुळे आधी पुण्यात आणि मोठी लाईन मिरजेपर्यंत आल्यावर, 1970 नंतर, मिरजेत एकेक पोतं उतरवून दुसऱ्या वाघिणीत (मालडब्यात) भरायचं. पोती फाटायची, वजन घटायचं, दोन्हीकडच्या वाघिणी उभ्या. मिरजेत तर बार्शी लाईट या छोट्या रेल्वेची 762 मिमी लाईनही होती, म्हणजे तीन गेज एका गावात.

तिकिटाचा पैसा हुबळीच्या तिजोरीत राहत नाही, केंद्राच्या खात्यात जातो. झोनला (मध्य, नैर्ऋत्य अशा रेल्वेच्या एकेका क्षेत्राला) वर्षाचं अनुदान मिळतं. एवढंच पुरे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल: झोनच्या हद्दीचा त्रास खरा आहे. बेळगावहून पुण्याला नवी गाडी हवी तर मिरजेपुढचा पाथ (रुळांवर गाडीला ठरलेली वेळ) मध्य रेल्वेने द्यायला लागतो, आणि रेक (गाडीच्या डब्यांचा संच) कुणाच्या पिट लाईनवर, म्हणजे खाली खड्डा असलेल्या देखभालीच्या रुळावर, धुवायचा-तपासायचा हेही ठरवायला लागतं. म्हणून निवेदन हुबळीला देऊन भागत नाही, त्याची प्रत मुंबईच्या मुख्यालयात आणि रेल्वे बोर्डाकडे गेलीच पाहिजे.