नेमकॉइनमध्ये एका कमांडनं नाव आपलं होत नाही

नेमकॉइन म्हणजे बिटकॉइनसारख्या ब्लॉकचेनवर (सगळ्यांकडे प्रत असलेल्या सामाईक नोंदवहीत) नावं नोंदवायची सोय. एक मेसेज फिरतोय की त्याच्या कमांड लाइन क्लायंटमध्ये (कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) नेम_न्यू मारलं की डॉट बिट नाव, म्हणजे .bit नं संपणारा वेबसाइटचा पत्ता, कायमचं आपलं. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

नेम_न्यूनं ब्लॉकचेनवर फक्त नावाचा हॅश, म्हणजे नावावरून काढलेला सांकेतिक आकडा, जातो, नाव कोणालाच दिसत नाही, आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय कारण नाव आधीच उघडं पडलं तर मधल्यामध्ये दुसराच कोणीतरी ते पटकावेल. मग १२ ब्लॉक (नोंदवहीत एकामागून एक जोडले जाणारे नोंदींचे गठ्ठे) होईपर्यंत थांबायचं, साधारण दोन तास, आणि मग नेम_फर्स्टअपडेट मारायचं, नाव खरं नोंदलं जातं ते इथं. तोवर दुसऱ्यानं तेच नाव नोंदवलं तर ते त्याचं.

नेम_न्यू मारल्यावर स्क्रीनवर दोन ओळी येतात, एक लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी आणि दुसरी रँड नावाची, म्हणजे हॅश काढताना मिसळलेला रँडम आकडा. त्या दोन्ही तिथल्या तिथे कॉपी करून ठेवा, प्लीज, पुढच्या कमांडला लागतात. आणि डोमेनसाठी नावाआधी डी आणि स्लॅश लावायचं विसरू नका.

कायमचं म्हणाल तर मुदत ३६,००० ब्लॉकची, म्हणजे २५० दिवसांच्या आसपास. त्याआधी नेम_अपडेट केलं नाही तर नाव सुटतं आणि कोणीही घेऊ शकतं.