सम काही सापडेना

आमच्या जावयांच्या कचेरीत तीन कार्यक्रमांचे पास आले आणि युरोपातून आलेल्या एका वाद्यवृंदाचा शनिवार-रविवारचा सगळा मुक्काम आमच्या गळ्यात पडला. पास फुकटचे असल्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. शनिवारी सायंकाळी जाणकारांसाठी, रविवारी सकाळी मुलांसाठी आणि सायंकाळी सर्वांसाठी अशी आखणी होती. बैठकीत दाद कुठे द्यावी हे मला चाळीस वर्षांच्या श्रवणाने कळते, असा समज असल्यामुळे मी स्वतःला बेधडक जाणकारांत धरले आणि सौ.सह डोंबिवलीहून नरिमन पॉइंट गाठले.

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची चार भागांची सहावी सिम्फनी होती. आपल्याकडे तबलजी तिहाई घेऊन समेवर आला की हात आपोआप उठतात. इथे तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळी पितळी वाद्ये आणि नगारे असे काही कडाडले की ही सम नसेल तर सम म्हणतात तरी कशाला, असे वाटून मी मनापासून टाळ्या वाजवल्या. पाच-सात जणांनी माझे अनुकरण केले आणि लगेच आवरते घेतले. संचालकांनी मागे वळूनही पाहिले नाही. त्यांची छडी तशीच हवेत होती. चौथा भाग अजून बाकी होता आणि तो शोकाचा होता. ही रचना 1893 साली स्वतः चायकोव्हस्कीने प्रथम सादर केली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तो वारला, हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असूनही मी तिचा उपयोग वारा घेण्यासाठी करत होतो. त्या शोकातच सौ.ना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पर्समधून गोळी काढली आणि आवाज होऊ नये म्हणून तिचा चुरचुरीत कागद इतका सावकाश सोडवला की एरवी क्षणात संपणारा आवाज मिनिटभर पुरला. शेवटी चेलो आणि बास यांचा सूर विझत विझत नाहीसा झाला. सगळे सभागृह टाळ्यांसाठी उभे राहिले, तेव्हा एकदा पोळलेला मी हात मांडीखाली दाबून पाचव्या भागाची वाट पाहत बसलो होतो.

रविवारी सकाळी नातवाला घेऊन प्रोकोफिएव्हचे 'पीटर अँड द वुल्फ' ऐकले. त्या गोष्टीत प्रत्येक पात्राचे वाद्य ठरलेले. बदक म्हणजे सनईसारखा ओबो आणि लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न. लांडग्याने बदक गिळताच "आजोबा, मेलं का ते?" हा प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला आणि ओबोवाल्या बाईंना हसू आवरेना. मुले वाटेल तिथे टाळ्या पिटत होती. आदल्या रात्री माझ्याकडे पाठ फिरवून उभे राहिलेले तेच संचालक आता वळून वळून वाकत होते. याला पक्षपात म्हणतात.

मेगाब्लॉकमुळे घरी जाऊन येण्यात अर्थ नव्हता, म्हणून नातवाला गिरगावात लेकीकडे सोडले, तिथेच दोन घास खाल्ले आणि सायंकाळी पुन्हा हजर झालो. या वेळी हायडनची पंचेचाळीसावी सिम्फनी होती आणि मी पत्रिका अक्षरन् अक्षर वाचली होती. हायडन ज्याच्या पदरी होता तो प्रिन्स उन्हाळी महालातून हलेना आणि वादकांना तर घरी बायकामुलांकडे जायचे होते. तेव्हा 1772 साली हायडनने असा शेवट रचला, की एकेक वादक आपले वादन संपवून, मेणबत्ती विझवून उठून जातो. रजेचा अर्ज इतक्या सुरात दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

आधी ओबो गेला, मग हॉर्न, मग बास. सौ. कानाशी लागून म्हणाल्या, "अहो, यांनाही गाडीची काळजी दिसते. उठायचं का?" मी खुणेनेच त्यांना बसवले. व्यासपीठावर अखेर दोन व्हायोलिने उरली आणि अगदी हलकेच वाजत राहिली. त्या दोघांना बहुधा ठाण्याच्या पलीकडे जायचे नव्हते.