नाताळाआधीचे लंडन आणि उजेडाचा जमाखर्च

पुण्यातल्या माणसाने पहिल्यांदाच, आणि तेही चार-पाच दिवसांसाठी, लंडनला जायचे ठरवले तर त्याला सल्ल्याची वाण पडत नाही. जे जाऊन आले आहेत ते काय पाहू नये हे सांगतात, जे कधीच गेलेले नाहीत ते काय पाहिलेच पाहिजे हे सांगतात, आणि दोघांनाही आपले म्हणणे आपण लिहून घ्यावे असे वाटत असते. आमच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. आम्ही नाताळाच्या तोंडावर निघणार होतो आणि प्रत्यक्ष नाताळाच्या आधी परतणार होतो, ही गोष्ट कोणाच्याही गळी उतरत नव्हती.

"म्हणजे मांडव बघायचा आणि लग्न लागायच्या आधी निघायचं?" असे आत्याने विचारले.

लंडनमधल्या हॅरोला राहणाऱ्या माझ्या भाच्याने याचे कारण फोनवर समजावून सांगितले. २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे धावत नाही, बस धावत नाही, संग्रहालये बंद असतात, मोठी दुकाने बंद असतात आणि जो तो आपापल्या घरी जेवत असतो. खरी लगबग असते ती नोव्हेंबरच्या मध्यापासून सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. विसर्जनाच्या दिवशी सगळे शहर रस्त्यावर आलेले पाहण्याची सवय असलेल्या आत्याला, ऐन सणाच्या दिवशी गाव बंद ठेवणाऱ्या या लोकांनी आपल्यावर इतकी वर्षे राज्य कसे केले, हे कोडे पडले.

आत्या आमच्याबरोबर येणार हे खरे तर आम्ही ठरवलेच नव्हते. पण आमचा बेत कानावर पडताच तिने कपाटातून पासपोर्ट काढला, त्याची मुदत भिंगातून तपासली, तो टीपॉयवर आणून ठेवला आणि "कोहिनूर बघितल्याशिवाय मी मरायची नाही" असे जाहीर केले. या वाक्याला नाही म्हणण्याची पद्धत आमच्या घराण्यात अजून कोणाला सापडलेली नाही.

व्हिसाचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तो सगळ्यांच्याच वाट्याला येतो. त्याचे सार एवढेच की आपण मुदतीत परत येणार आहोत, याची ब्रिटिश सरकारला खात्री पटवावी लागते. ज्या माणसाने डेक्कन सोडून हडपसरला राहायला जायला जन्मभर नकार दिला, त्याने आपण पुण्याला नक्की परतू असे कागदोपत्री सिद्ध करावे, यातला अवमान मी गिळला आणि पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, फ्लॅटचा इंडेक्स टू आणि मिळकतकराची पावती अशी चळत तयार केली. आत्याने स्वतःच्या अर्जाला भिशीची वही जोडण्याचा आग्रह धरला. फेब्रुवारीत तिचा नंबर होता, आणि लागलेला नंबर सोडून कोणीही बाई लंडनला राहणार नाही, हे साहेबालाही कळेल, असे तिचे म्हणणे होते. मला ते आजही पटते.

खरी गोम मात्र कागदपत्रांत नव्हती. ती सूर्यात होती. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात लंडनला सूर्य सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी चारला काही मिनिटे कमी असतानाच मावळतो. उजेड पुरता आठ तासही नाही. त्याच दिवसांत पुण्यात जवळजवळ अकरा तास उजेड असतो आणि तरीही आमची कामे उरकत नाहीत. शिवाय, माणसाने जेवून दुपारी एकला जे अंग टाकायचे ते रीतसर टाकले आणि चारला चहासाठी उठला, तर लंडनमध्ये त्याला खिडकीबाहेर रात्र दिसेल. म्हणजे दिवसाच्या उजेडातला एक तृतीयांशाहून जास्त भाग डुलकीत जाणार, हे उघड होते.

मी हे सर्वांना सांगितल्यावर आत्याने, जी आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होती, हिशेब आणखी पुढे नेला. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. आपल्या शरीराला दुपारी एकला झोप येते, तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असणार. आणि आपण चारला जागे होतो, तेव्हा तिथे साडेदहा. थोडक्यात, तिथे उजाडू लागले की आपले डोळे मिटणार आणि पहाटे पाचच्या चहाची तलफ आपल्याला आदल्या रात्री साडेअकराला येणार. "इतक्या लांब जाऊन आपण फक्त अंधार बघून येणार आहोत," असा निष्कर्ष तिने काढला आणि शांतपणे वाती वळायला घेतल्या.

त्या दिवसापासून मी एका वहीत उजेडाचा जमाखर्च मांडू लागलो, आणि हे काम एकदा हाती घेतल्यावर लंडन मला प्रथमच आवाक्यात आल्यासारखे वाटू लागले. रोषणाई पाहायला अंधारच लागतो, तेव्हा ऑक्सफर्ड स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट आणि कॉव्हेंट गार्डन यांचा उजेडाच्या खात्यावर एका मिनिटाचाही बोजा नाही. संग्रहालयांना छप्पर असते. ब्रिटिश म्युझियम एरवी पाचला बंद होते, पण शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तर शुक्रवारी दहापर्यंत चालते. आणि दोन्हींच्या कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क नाही. फुकट आणि अंधारात पाहता येण्याजोगे, अशा दुहेरी फायद्याची ठिकाणे मी वहीत लाल शाईने लिहिली. उजेड राखून ठेवायचा तो नदीसाठी, पुलांसाठी, टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याच्या बाहेरच्या भिंतींसाठी आणि प्रिमरोझ हिल या टेकडीसाठी.

या वहीवर पहिला हल्ला चढवला तो आमच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये शिवरायांची वाघनखे आहेत आणि ती पाहिल्याशिवाय परत आलात तर मला तोंड दाखवू नका, असे त्यांनी जिन्यातच बजावले. त्यावर माझ्या बायकोने नम्रपणे निदर्शनास आणून दिले की ती वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये, तीन वर्षांच्या कराराने, महाराष्ट्रात आली आणि सर्वप्रथम साताऱ्याच्या संग्रहालयातच ठेवली गेली. साताऱ्याला आम्ही त्यानंतर माझ्या मावसभावाकडे जाऊन, कंदी पेढे घेऊन, वाघनखे न पाहता परतलो होतो, हे मात्र तिने सांगितले नाही. ती वाघनखे नेमकी तीच का, याची ग्वाही लंडनचे संग्रहालयही देत नाही. परंतु या विषयावर पुण्यात जिन्यात उभे राहून बोलू नये, एवढे शहाणपण मला आहे.

बकिंगहॅम राजवाड्यापुढचा पहारेबदल हे दुसरे प्रकरण. तो सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी अकराला असतो, पावसामुळे रद्दही होतो, आणि नीट दिसायचा असेल तर बराच वेळ आधी जाऊन कठड्याशी उभे राहावे लागते. म्हणजे उजेडाचे निदान दोन तास. बायकोने फक्त एवढेच विचारले की समोर ओळखीच्या कोणाची गॅलरी आहे का. लक्ष्मी रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, हातात कॉफीचा कप घेऊन, विसर्जन मिरवणूक पाहण्यात जिचे बालपण गेले, तिला लोकांच्या टोप्यांमधून राजाचे शिपाई पाहण्यात रस नव्हता. पहारेबदल कापला गेला.

कोहिनूर कापता येणे शक्यच नव्हते. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये, राणीमातेसाठी १९३७ साली घडवलेल्या मुकुटात आहे, आणि टॉवरला चांगले भक्कम तिकीट आहे. "आपलाच हिरा आणि वर आपल्यालाच तिकीट?" या आत्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून मी तिला दुसरी माहिती दिली: मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभे राहायचे आणि तो आपल्याला पुढे नेतो. ती बराच वेळ गप्प राहिली. कोहिनूर इंग्रजांच्या हाती गेला त्या १८४९ च्या तहाबद्दल जे काही तिला तिथे बोलायचे होते, ते पट्ट्याच्या वेगात बसवता येईल का, याचा ती विचार करत असावी. शेवटी पट्ट्याच्या टोकाला पोहोचल्यावर मागे फिरून पुन्हा चढता येते का, हे भाच्याला विचारून ठेव, असे तिने मला सांगितले.

ज्या एका ठिकाणाबद्दल कोणीही वाद घातला नाही, ते म्हणजे प्रिमरोझ हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना या घरात राहिले, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. दारावरच्या निळ्या गोल पाटीचा फोटो आण, एवढी एकच मागणी माझ्या कार्यालयातल्या मित्राने केली होती, आणि इतक्या साऱ्या फर्माइशींत रास्त म्हणावी अशी ती एकटीच होती. शिवाय तिथून टेकडी जवळ असल्यामुळे, सूर्य मावळण्याआधी वरून सगळे शहर पाहून घेता येईल, हे मी वहीत ठळक अक्षरांत नोंदवले.

ट्रॅफल्गर चौकातल्या नाताळवृक्षाची हकीकत ऐकून मात्र आत्याला लंडनविषयी प्रथमच आपुलकी वाटली. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून नॉर्वेचे लोक १९४७ पासून दरवर्षी एक उंच झाड लंडनला भेट पाठवतात, ते समुद्रातून येते, चौकात उभे राहते, आणि अलीकडे ते उभे राहिले रे राहिले की लंडनकर त्याला विरळ, वाकडे, मरतुकडे अशी नावे ठेवू लागतात. भेट आलेल्या वस्तूत खोट काढणारी माणसे दुसऱ्या देशातही आहेत, हे कळल्यावर तिला परके वाटेनासे झाले.

प्रवासखर्चाची बोलणी तितकी सोपी गेली नाहीत. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कार्ड टेकवायचे आणि चढायचे. कंडक्टरने "सुट्टे द्या" म्हणायच्या आत सुट्टे काढून त्याचा डाव उधळण्यात ज्यांनी उभी हयात घालवली, त्यांना हे कौशल्य इतक्या लांब निरुपयोगी ठरावे याचे वाईट वाटणारच. एकाच कार्डावर तिघांना जाता येत नाही, प्रत्येकाचे वेगळे लागते, म्हणून आत्यासाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासाचे कार्ड, घेणे आले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तिथेही आहे, पण ती लंडनच्या रहिवाशांनाच मिळते, हे कळल्यावर तिने व्हिसाच्या अर्जात काही बदल करता येईल का, अशी चौकशी केली. भाच्याने विषय बदलण्यासाठी हॅरोवरून जाणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा पहिला टप्पा १८६३ साली सुरू झाला आणि ती जगातली पहिली भुयारी रेल्वे आहे, असे अभिमानाने सांगितले. "त्याच वर्षी आम्ही बोरघाट चढलो," असे आत्या म्हणाली. बोरघाटाची रेल्वे खरोखरच १८६३ चीच आहे. आत्याचा "आम्ही" मात्र फारच व्यापक होता.

कपड्यांच्या बाबतीत सगळ्यांनी आम्हाला घाबरवून सोडले. शिवाजीनगरच्या वेधशाळेत पहाटे पारा नऊ-दहा अंशांवर उतरला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत शेकोटीचे छायाचित्र येते. लंडनमध्ये डिसेंबरात साधारण तेवढे तापमान भर दुपारी असते. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी कॅनडात वापरलेला स्वतःचा ओव्हरकोट मोठ्या मनाने देऊ केला. तो मी घालून पाहिला. खांद्याची शिवण माझ्या कोपरापर्यंत येत होती, कोटाला डांबरगोळ्यांचा असा वास होता की डोळ्यांत पाणी यावे, आणि उजव्या खिशात अर्धी फोडलेली सुपारी आणि एका कागदात गुंडाळलेले सुटे बटण होते. "ते बटण हरवू नका," असे ते दारातून दोनदा म्हणाले. भाच्याने सांगितले की थंडीपेक्षा वारा आणि पावसाची भुरभुर यांचाच त्रास जास्त होतो आणि गाडीत नि दुकानांत शिरले की उकडते, तेव्हा एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ घालावेत. हे ऐकताच आत्याने एकावर एक घालण्याचे तीन हातविणीचे स्वेटर काढले, ज्यांतला सर्वांत आतला माझ्या मुंजीच्या वेळचा होता.

खाण्याच्या पिशवीला मात्र कात्री लागली. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, म्हणून साजूक तुपाची बरणी आणि पेढे बाहेर निघाले. भाजणी, मेतकूट, चकल्या आणि बाकरवडी आत राहिली. तूप नसताना मेतकूट-भात कसा खायचा, यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी व्हिसावरही झाली नव्हती. तीन चौकोनी पिनांचे अडॅप्टर मी तपकीर गल्लीतून आणले आणि दुकानदाराने, न विचारता, लंडनमध्ये काय पाहावे हेही सांगितले.

एवढे सगळे ठरल्यावर उरली फक्त पुणे-मुंबई टॅक्सी, कारण लंडनचे विमान मुंबईहून सुटते. जाण्याचे जमले. परतताना आम्ही चोवीस तारखेला दुपारी मुंबईला उतरणार, असे सांगताच नेहमीचा टॅक्सीवाला फोनवर हसला. नाताळाच्या सुट्टीला निम्मी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते, घाटात गाडी हलत नाही, त्यामुळे त्या दिवशीचा दर वेगळा आणि पोहोचण्याची वेळ देवाच्या हाती, असे त्याचे म्हणणे पडले. नाताळात अडकू नये म्हणून आम्ही आखलेला सगळा बेत खंडाळ्यात येऊन अडकत होता. मी दरावर घासाघीस करत असताना आत्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"पैशाचं तो बघेल," ती म्हणाली. "तू फक्त आम्हाला उजेड आहे तोवर घरी पोचव."

"आजी, डिसेंबर आहे," पलीकडून उत्तर आले, "आपल्याकडं पण सहालाच अंधार पडतोय."