ग्रीन प्रयोगशाळा बांधणाऱ्यांसाठी चार समजुतीच्या गोष्टी

तुमच्या संस्थेत नवी प्रयोगशाळा व्हायची आहे आणि ती ग्रीनच हवी, असं वरून पत्र आलंय? अभिनंदन. बिलकूल घाबरू नका, आमची बांधून झाली आहे. गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी तिच्या तळघरात, चपला भिजतील इतक्या पाण्यात उभी होते. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

सगळ्यात आधी भिंतीवरची बाग. आत काय संशोधन होणार ते सावकाश ठरवता येईल, पण उद्घाटनाच्या फोटोत पाहुण्यांच्या मागे हिरवं दिसलंच पाहिजे. उन्हाळ्यात ती वाळली की प्लॅस्टिकची लावा. रोज धूळ पुसावी लागते, पण पाणी वाचतं. त्याचेही ग्रीन मानांकनाचे पॉइंट मागून बघा.

पश्चिमेची अख्खी बाजू काचेची करा. पुण्यात दुपारी तीननंतर ऊन त्याच बाजूने येतं हे आर्किटेक्टला सांगू नका, उगाच त्याचं मन मोडेल. आत बसणारे आपापली सोय बघतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही ग्लोव्हजच्या खोक्यांचे पुठ्ठे काचेला चिकटवलेत आणि भर दुपारी दिवे लावून बसतो. (दिवे एलईडी आहेत. काळजी नसावी.) खरं तर याच गावात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी तिथे काळ्या दगडाच्या भिंती आणि मोकळे चौक करून ठेवलेत, सावली म्हणजे काय ते फुकटात बघता येतं. पण आमच्या बांधकाम समितीला इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम जवळ पडलं. तिकडे जाताना विद्यापीठ चौकातली कोंडी लागत नाही.

तर अभ्यासदौरा हवाच. नॉटिंगहॅम विद्यापीठाची लाकडी रसायन प्रयोगशाळा २०१४ साली बांधकाम चालू असतानाच जळाली. त्या लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि २०१७ साली उघडली. समिती हे सगळं डोळ्यांनी पाहून आली आणि आमच्या लॉबीत लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट लागलं.

दिव्यांना सेन्सर बसवा, हालचाल नसेल तर आपोआप बंद होणारे. पिपेट धरलेला माणूस हा निसर्गतः पुतळा असतो, हे सेन्सरला कुणी सांगायचं? रात्री साडेनऊला शहाण्णव खळग्यांची प्लेट भरतेय, श्वाससुद्धा बेताने घेतेय, सदुसष्टाव्या खळग्याशी आले आणि काळोख. मग उभ्या जागी डावा हात आरती ओवाळल्यासारखा फिरवायचा. उजेड येतो. सदुसष्ट झाला होता की राहिला होता, ते मात्र येत नाही.

छतावर सोलर लावा, फ्यूम हूडच्या (रसायनांची वाफ बाहेर खेचणाऱ्या काचेच्या कपाटांच्या) धुराड्यांच्या सावलीत.

गुरुवारी लाइट जाते तेव्हा जनरेटर लॉबीतल्या कारंज्याला जोडलेला असू द्या.

फ्यूम हूडच्या पंख्यात पैसे घालवू नका. प्रयोगशाळेची वीज खाते ती मुळात हवा. बाहेरची हवा आत ओढायची, थंड करायची, कोरडी करायची आणि एकदाच वापरून छतावरून फेकून द्यायची. ऑफिससारखी ती परत फिरवता येत नाही, कारण तिच्यात सॉल्व्हंटची वाफ असते. एक हूड वर्षाला साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातो, असा अमेरिकेतला हिशेब आहे, तोही तिथल्या घरांचा. काच खाली ओढली की पंखा मंदावणारे हूड मिळतात. पण ते एल-वनमध्ये, म्हणजे सगळ्यात स्वस्त निविदेत, बसत नाहीत. आमचे एकाच वेगाचे आहेत, काच उघडी ठेवा नाहीतर बंद, हवा तेवढीच जाते. त्यावर स्टिकर मात्र सुरेख लावलाय, ‘काच खाली करा, वसुंधरा वाचवा’. आम्ही रोज खाली करतो. वसुंधरेला कळतही नाही.

आता फ्रीझर. मायनस एटी, म्हणजे नमुने उणे ऐंशी अंशांना गोठवून ठेवणारे, सगळे तळघरात टाका. तिथे खिडकी नाही हे उत्तम, इमारतीचं रूप बिघडत नाही. आमचे अकरा आहेत. एकेक दिवसाला वीसेक युनिट घेतो आणि घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच सोडतो. अकरांचे मिळून नऊ किलोवॉट, म्हणजे बंद खोलीत हजार वॉटच्या नऊ शेगड्या रात्रंदिवस पेटलेल्या. हा गुणाकार आठवीतलं पोर करेल. पण आपल्याला ऊर्जाबचत करायची आहे. म्हणून इमारतीचे सगळे एसी एका कॉम्प्युटरला जोडा आणि त्याला वेळापत्रक घालून द्या, रात्री आठनंतर बंद, सुट्टीच्या दिवशी पूर्ण बंद. तळघराला अपवाद कशाला? नियम सगळ्यांना सारखा.

यंदा १ मे शुक्रवारी आला, त्याला जोडून शनिवार-रविवार. फ्रीझरांनी आपलं काम केलं, कॉम्प्युटरने आपलं. खोली तापली, कॉम्प्रेसर एकेक करून बसले. अलार्म वाजला का? वाजला. त्याचा मेसेज गेला कंत्राटदाराच्या सुपरवायझरला, जो दिवाळीतच नोकरी सोडून गेलाय. वॉचमनकाकांनी त्यांच्या परीने दखल घेतली. रजिस्टरमध्ये नोंद आहे, शनिवार, रात्री २.१०, ‘तळघरात पक्षी ओरडतो आहे’. त्यांना तरी काय बोलणार? तिथे काय ठेवलंय ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी तीन फ्रीझर मेलेले होते. एकावर आकडा होता अधिक चार. आमची पाचव्या वर्षाची एक विद्यार्थिनी सोलापूरकडच्या शेतांतून तीन रब्बी हंगाम ज्वारीची मुळं आणत होती, बांधावरच द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून. त्यातला आरएनए एकदा वितळला की संपला, पुन्हा गोठवून उपयोग नाही. ती रडली नाही. ओल्या डब्यांवरची पुसट झालेली नावं वाचत वहीत टिपत बसली. त्याच दुपारी सगळ्यांना ईमेल आला, सुट्टीच्या काळात झालेल्या वीजबचतीबद्दल अभिनंदन.

आता हसायचं पुरे झालं. समितीवाल्यांनो, ड्रॉइंग मंजूर करताना तुमच्यापैकी एकाने, एकानेही, इथे काम करणाऱ्या माणसाला विचारलं होतं का? आम्हाला दाखवलंत ते लॉबीचं चित्र. त्यात काल्पनिक माणसं कॉफी पीत होती. तळघरासाठी एक जाळीची झडप आणि एक एक्झॉस्ट फॅन, एवढंच मागितलं होतं. लेखी. उत्तर आलं, डिझाइन फ्रीज झालं आहे. फ्रीज! आपल्याकडे एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक फ्रीझर वर्षाला पाच टन. तोच उणे ऐंशीऐवजी उणे सत्तरवर ठेवला तर सुमारे तीस टक्के वीज वाचते आणि बहुतेक नमुन्यांना काही होत नाही. खर्च शून्य, बटण दोनदा दाबायचं. पण बटणाची फीत कापता येत नाही ना! आमचंही पाप आहे, नाकारत नाही. माझ्याच फ्रीझरात २००९ सालच्या डब्या आहेत, कुणाच्या ते मलाही माहीत नाही. त्या मी या आठवड्यात काढतेय. तुम्ही काय काढताय? प्रत्येक प्रयोगशाळेला वेगळा मीटर लावा आणि त्याचं बिल त्या कोनशिलेशेजारी दर महिन्याला चिकटवा. कागदावरचा अंदाज दाखवून मानांकन मिळवता, बिल आलं की तोंड लपवता. आणि ते वेळापत्रक आजच्या आज बदला. मी तीन अर्ज दिलेत, चौथा देणार नाही.

ती मुलगी पेरणीच्या वेळी पुन्हा सोलापूरला जाईल, चौथ्या रब्बीसाठी. तोवर तळघराचं दार आम्ही वीट लावून उघडं ठेवलं आहे. बांधकामातून उरलेली फ्लाय ॲशची वीट आहे, हवे तर तिचेही पॉइंट घ्या. पण तिला हात लावायचा नाही.