व्हिसा बर्लिनचा, मान्यता स्टुटगार्टची

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: परदेशाशी संबंध ठेवणं हे दिल्लीचं काम. राज्यं आणि शहरं परदेशातल्या प्रांतांशी करार करतात ते मंत्र्यांच्या दौऱ्यांसाठी. त्यातून हाती काही लागत नाही, लागलंच तर आपली शिकलेली मुलं तिकडे राबायला जातात. आणि आपल्यासारख्या शहरांना तिकडे विचारतो कोण? त्यापेक्षा खड्डे बुजवा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत विचार करणारी माणसंही आहेत, म्हणून उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

‘दिल्लीचं काम’ हा मुद्दा अर्धा खरा आहे. तह, युद्ध, वकिलाती हे विषय राज्यघटनेने केंद्राकडेच दिले आहेत आणि ते योग्यच आहे. पण शेती राज्याकडे आहे, शिक्षण केंद्र आणि राज्य दोघांकडे. परराष्ट्र मंत्रालयातही २०१४ पासून राज्यांसाठी वेगळा विभाग आहे, म्हणजे राज्यांनी बोलू नये असं खुद्द दिल्लीलाही वाटत नाही.

समोरच्या देशात कारभार कसा चालतो, याचा त्या मजकुरात पत्ताच नाही. जर्मनीत शाळा आणि विद्यापीठं राज्यांच्या अखत्यारीत आहेत. ठाण्यात नर्सिंग केलेल्या मुलीला तिकडे नोकरी करायची असेल तर व्हिसा केंद्र सरकार देतं, पण ‘तुमचं नर्सिंगचं शिक्षण आमच्याकडच्या शिक्षणाच्या तोडीचं आहे’ हा कागद राज्याचं कार्यालय देतं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ते काम राजधानी स्टुटगार्टमधून चालतं. कोणते विषय कमी पडतात, किती महिने तिकडच्या इस्पितळात काम करून ते भरून काढायचे, हे तिथेच ठरतं. दिल्लीने बर्लिनशी कितीही उत्तम करार केला तरी हा अर्ज पुढे सरकायला स्टुटगार्टचंच टेबल लागणार. मग मुंबईने थेट स्टुटगार्टशी बोललेलं बरं की नाही? महाराष्ट्राची या राज्याशी २०१५ पासून भागीदारी आहे आणि २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा (इथल्या प्रशिक्षित मुलांना जर्मन शिकवून तिकडे नोकरीला पाठवण्याचा) करार झाला, त्यामागे हे कारण आहे.

आधी देशांचं जमावं, मग गावांचं, हा क्रमही नेहमी खरा नसतो. स्टुटगार्टशेजारच्या लुडविग्सबुर्गने फ्रान्समधल्या माँबेलियार गावाशी १९५० मध्ये नातं जोडलं. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. फ्रान्स आणि जर्मनीचा मैत्री करार झाला तो १९६३ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

आता ‘हाती काही लागत नाही’. जपानच्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राने २०१३ मध्ये करार केला. त्याच प्रांतात कोयासान आहे, शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ. तिथल्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. जपानच्या डोंगरातल्या एका जुन्या बौद्ध विद्यापीठात बाबासाहेब उभे आहेत, आणि हे ‘काही नाही’ असं आपण म्हणायचं? मला ते म्हणवत नाही. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. स्टुटगार्टमध्ये २००४ पासून भारतीय चित्रपट महोत्सव भरतो. आपल्या उरणच्या बाजूला, जेएनपीएने (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने) बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराच्या साथीने बंदर-कामाचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. यातलं कोणतंही काम एका दौऱ्यात झालेलं नाही.

व्यापाराचा दाखला तर वाशीतच आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. जपानने आपला आंबा २००६ मध्ये स्वीकारला, अमेरिकेने २००७ मध्ये. बोलणी देशांच्या पातळीवर झाली, कबूल. पण फळातली कीड मारायला जपानला उष्णबाष्प प्रक्रिया (गरम वाफ) हवी, अमेरिकेला विकिरण (किरणांचा मारा). त्या सुविधा वाशीत उभ्या केल्या राज्याच्या कृषी पणन मंडळाने. दार दिल्लीने उघडलं, पण पेटी पोचवण्याचं काम इथलंच. कोविडच्या काळात अमेरिकेचे तपासनीस इथे येऊ शकले नाहीत, तर तिकडची निर्यात २०२२ पर्यंत बंद राहिली. दोन्ही टोकांना माणूस नसेल तर काय होतं, ते बागायतदारांना विचारा.

‘आपल्यासारख्या शहरांना कोण विचारतो’ हा न्यूनगंड आकड्यांपुढे टिकत नाही. संपूर्ण वाकायामा प्रांताची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या नवी मुंबई महापालिकेची ११ लाखांवर होती. आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग? जवळपास १ कोटी १० लाख, म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याएवढी!

खड्ड्यांबद्दल एवढंच: ते बुजवायलाच हवेत. पण त्यासाठी मुलांची जर्मनची शिकवणी बंद करून काही मिळणार नाही.

राहिला मुलं राबायला जाण्याचा मुद्दा. त्यामागची काळजी खरी आहे आणि ती मी झटकणार नाही. एजंटांनी लाखो रुपये घेऊन मुलांना वाऱ्यावर सोडल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत. म्हणून तर मधे सरकार असलेलं बरं: वेतन तिकडच्या कायद्याप्रमाणे, करार लेखी, तक्रारीला दोन्हीकडे दाद मागायची जागा. पण भाषेची तयारी इथे कच्ची राहिली तर तिकडे अर्ज अडतो आणि मुलांचं वर्ष वाया जातं. तेव्हा आपल्या आमदारांना विचारायचं ते हे: २०२४ च्या करारानंतर ठाणे जिल्ह्यातून किती मुलं भाषेच्या वर्गाला बसली, किती परीक्षा पास झाली, किती प्रत्यक्ष गेली, आणि वर्गाची फी कोणी भरली?