नेटहाऊसमधील भाजी आणि पिशवीतल्या खतावरचा आरोप

इंदूरमध्ये ज्या मराठी कुटुंबांनी गच्चीवर जाळी किंवा प्लास्टिक ताणून भाजी लावली आहे, त्यांच्यात सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: नेटहाऊसमध्ये टोमॅटो, काकडी, गिलकी धरत नसेल, तर चूक तुमची नसून बाजारातून आणलेल्या पिशवीतल्या मिश्रणाची (कुंडीत भरायच्या तयार माती-खताची) आहे, त्यात खारे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शहराचा कचरा आणि तणनाशक असते, म्हणून फुले गळतात आणि पाने पिवळी पडतात, ते पाण्यात टाकल्यावर तरंगले किंवा त्यावर पांढरी बुरशी दिसली की भेसळ समजा, आणि सगळे फेकून काळी माती व शेणखत भरा. माझ्या ओळखीच्या तिघांनी हे वाचून चांगल्या पिशव्या रिकाम्या केल्या, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी फुलांविषयी, कारण संदेशाचा सगळा भर तिथेच आहे. मिश्रण खरोखर सदोष असेल तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बोलते: बी उगवत नाही, रोपांच्या पानांची टोके करपतात, मुळे तपकिरी होऊन थांबतात, आणि हे त्या पिशवीतल्या जवळजवळ सर्व रोपांत दिसते. ज्या मिश्रणात टोमॅटोचे झाड दोन महिने तरारून वाढले, कंबरेएवढे झाले आणि फुलांनी लगडले, त्याच मिश्रणाने अचानक फुलेच तेवढी पाडली, हे पटण्यासारखे नाही. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचे साधारण २२ च्या वर राहू लागले की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचे तापमान ४० च्या घरात असते, आणि बंद प्लास्टिकखाली ते आणखी काही अंश चढते. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या आहेत हे खरे, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता कुंड्यांच्याच दिशेने सोडत असतो, हे आपण विसरतो.

गळणारे फूल एकदा जवळून पाहावे. देठाच्या मध्यावर गुडघ्यासारखा एक फुगीर सांधा असतो. तो आधी पिवळा पडतो आणि फूल बरोबर तिथेच तुटते. परागीभवन झाले नाही, तर झाडाने स्वतःच फूल सोडून दिल्याची ती खूण असते. टोमॅटोचे फूल स्वपरागित आहे, पण पराग झडायला त्याला हादरा लागतो. उघड्या शेतात तो वाऱ्याने मिळतो किंवा पंख थरथरवणाऱ्या भुंग्यांकडून मिळतो. बारीक जाळीने आपण वाराही अडवला आणि भुंगाही. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास उमललेल्या फुलाखाली काळा कागद धरून घोसाला बोटाने टिचकी मारावी. कागदावर पिवळसर भुकटी पडली तर पराग शाबूत आहेत, आणि रोज एवढी टिचकी दिली तरी फळधारणेत फरक दिसतो. काहीच पडले नाही तर उन्हाळा संपेपर्यंत दुपारची सावली आणि हवा खेळती ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

गिलकी, म्हणजे महाराष्ट्रात जिला घोसाळे म्हणतात ती, तसेच दुधी आणि कारले, यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. मधमाशी आत येत नसेल तर नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हाताने टेकवावे लागते. काकडीच्या बाबतीत बंद घरासाठी परागाशिवाय फळ धरणारे वाण वेगळे मिळतात. साधे बी पेरून बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडू लागल्या, तर दोष वाणाच्या निवडीचा आहे, खताचा नाही.

कोकोपीटच्या खारेपणाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. नारळाचा काथ्या किनारपट्टीवर, काही ठिकाणी खाऱ्या पाण्यात भिजवला जातो, आणि त्याच्या भुशात सोडियम व पोटॅशियम साठून राहते. ते न धुतलेले असेल तर रोपांना त्रास होतो, आणि ते झाडाच्या वाट्याचे कॅल्शियमही धरून ठेवते, म्हणूनच चांगले उत्पादक ते धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात मुरवतात. पण हे मोजता येते. एक वाटी मिश्रण पाच वाट्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ठेवावे, गाळावे आणि क्षार मोजणारे साधे मीटर त्यात बुडवावे. वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, अर्ध्या मिलिसीमेन्सच्या आसपास असेल तर मिश्रण निर्दोष समजावे. एकच्या बरीच पुढे असेल तर कुंडीच्या तळातून पाणी वाहून जाईल असे दोन-तीन वेळा धुवावे. त्याच मीटरने आपल्या बोअरचे पाणीही मोजावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाणी जड असेल तर रोज थोडे थोडे मीठ आपणच घालत असतो, वरून मूठभर दाणेदार खत टाकतो, आणि आरोप पिशवीवर ठेवतो.

तणनाशकाची गोष्ट इंग्लंडमधली आहे. तिथे २००८ मध्ये अमिनोपायरॅलिड नावाचे तणनाशक फवारलेल्या कुरणांवरचे गवत जनावरांनी खाल्ले, ते रसायन शेणखतातून बागांत पोहोचले, टोमॅटो आणि घेवड्याची पाने नेच्यासारखी वळली, आणि त्या रसायनाची परवानगी काही काळ स्थगित करावी लागली. धोका खरा आहे; पण तो शेणखतातूनही येऊ शकतो, हे नेमके संदेशात गाळले आहे. आपल्याकडे मिरचीची आणि टोमॅटोची वळलेली पाने बहुधा फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळे असतात. आधी पान उलटून पाहावे. तरीही शंका उरली तर मूग किंवा चवळीची कसोटी घ्यावी: तीन पेल्यांत ते मिश्रण, तीन पेल्यांत बागेची माती, सारखे बी, सारखे पाणी. तीन आठवड्यांत मिश्रणातल्या रोपांची नवी पाने वाटीसारखी वळली आणि मातीतली सरळ राहिली, तर मिश्रण दोषी आहे, आणि मग मीही तुमच्याबरोबर तक्रार करीन.

‘शहराचा कचरा’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला पाहून मला दुःख होते, तेही इंदुरात. १९२४ मध्ये याच शहरात होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची संस्था उभी राहिली, आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्या साथीने तिथे काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर लावून, तीनदा उलथून, सुमारे ३ महिन्यांत खत करण्याची रीत बसवली गेली; १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा खत कशाचे आहे यापेक्षा ते मुरले आहे का, हे पाहावे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कर्ब-नत्र प्रमाण (कर्ब नत्राच्या किती पट आहे ते) २० च्या आत आणि वाहकता ४ डेसीसीमेन्सच्या आत अशी मर्यादा आहे; ही मर्यादा निव्वळ खताची आहे, कुंडीतल्या मिश्रणाची नाही. घरी परीक्षा सोपी आहे: ओलसर मूठभर खत बंद पिशवीत दोन दिवस ठेवून उघडावे. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर ते तयार आहे. अमोनियाचा किंवा आंबूस वास आला, हाताला ऊब लागली, तर ते कच्चे आहे आणि आणखी महिनाभर मुरू द्यावे. असे कच्चे खत विकणारे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

पाने पिवळी पडण्याचे कारण बहुतेक वेळा याहून साधे असते. पिशवीतले अन्न महिना-दीड महिना पुरते, कोकोपीटमध्ये तर जवळजवळ काहीच नसते, आणि फळे धरलेल्या टोमॅटोला दर आठवड्याला खाऊ घालावे लागते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी झाली तर नत्र संपले आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर जड पाण्यामुळे लोह मिळत नाही. झाड उंच, बारीक आणि फिकट असेल तर वर पाहावे: ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी फळभाजीसाठी नाही.

काळी माती भरण्याचा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. शेतात ती उत्तम, पण कुंडीत ओली असताना चिकट गोळा होऊन मुळांची हवा कोंडते आणि सुकल्यावर आक्रसून कडा सोडते, म्हणजे पाणी कडेने वाहून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. घालायचीच असेल तर पाव हिश्शापेक्षा जास्त नको.

राहिली तरंगण्याची परीक्षा. कोरडे कोकोपीट आणि परलाइट (मिश्रणातले पांढरे, फुगवलेले खनिजाचे दाणे) हलके असल्यामुळे तरंगतातच. पांढरी बुरशी कुजलेल्या काड्यांवर जगते, जिवंत मुळांवर नाही. मिश्रण उलथून हवा दिली की ती जाते.

मिश्रण खरोखरच सदोष निघाले, तर पिशवी फेकू नये. तिच्यावरचा बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, खरेदीची पावती, मुगाच्या पेल्यांचे शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र आणि न वापरलेले किलोभर मिश्रण, एवढे हाती असेल तर कृषी विभागाच्या खत निरीक्षकापुढे तक्रार टिकते.